बिननावाची पुडी

हमीद, तुझा पाय अजून माझ्या पायावर आहे.

डाव्या पायावर, अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवर. तू त्या दिवशी जाड तळाची कोल्हापुरी घातली होतीस आणि मी रबरी स्लिपर. अलिबागेच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाखाली तू असा दाब दिलास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलाच्या वर तुझा चेहरा मात्र असा, की जणू आत्ताच नमाज पढून बाहेर पडलायस. गणपतीतल्या नाटकांत मी तीस वर्षं राजे केले, खलनायक केले, एकदा हत्तीचे मागचे दोन पायही केले. पण असा चेहरा मला कधी जमला नाही.

बाईंनी तुला विचारलं होतं ते अगदी साधं होतं. "माझ्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, झाडपाला, कुणी दिलेलं काही?"

मी तोंड उघडलं. तू पाय दाबलास. आणि म्हणालास, "नाय बाई. काय नाय. फक्त चाय."

फक्त चाय! बाई हसल्या. हातातलं पेन त्यांनी क्षणभर तसंच कागदावर धरलं होतं, ते पुढे सरकलं. मी गप्प बसलो.

मुरुडच्या बाजारात कुणालाही विचार, श्रीधर आयुष्यात किती वेळा गप्प बसलाय. लोक म्हणतील, तो झोपेतसुद्धा गोष्ट सांगतो. माझ्या लॉजच्या पाच खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना मी किल्ल्याच्या ज्या गोष्टी सांगतो, त्यांतल्या निम्म्या मला सकाळी दात घासताना सुचलेल्या असतात, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? माझ्या पोटात एक शब्दसुद्धा राहत नाही. आणि त्याच पोटात मी एक गोष्ट ठेवली. एकच. नेमकी ती, जी ओरडून सांगायला हवी होती.

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. चाळीसाव्याला सगळे जमतील, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतील, मीही बोलेन. तुझं दुकान, तुझा हात, तुझी नियत. सगळं खरंच आहे. पण मग भांडायला जागा उरणार नाही. म्हणून भांडण आजच करून घेतो.

तुझ्या दुकानापासून सुरू करतो. बाहेरून येणाऱ्याला ते नुसतं काष्ठौषधीचं दुकान दिसायचं. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, सुंठ, खडीसाखर. बरण्यांवर तुझ्या टपोऱ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या, मराठीत आणि खाली उर्दूत. एखाद्या बरणीवरची चिठ्ठी तिरकी लागली तर तू ती काढून परत लावायचास. "नाव सरळ पाहिजे शिरू, नायतर माणूस भलतंच खातो." हे तुझे शब्द आहेत. माझे असते तर मी जरा नटवून सांगितले असते.

आणि त्या सगळ्या सरळ नावांच्या मागे, सर्वांत वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा. त्यावर चिठ्ठी नाही.

डब्यातला माल तुझ्या नानीचा. तुमच्या घरातली गलबतं आखाताकडे जायची तेव्हापासून येत असलेला. दिसायला सुकी चणीबोरं, पण जरा गडद तांबडी, आतून पिठूळ, चव आंबटगोड. नानी ती खलबत्त्यात जाडसर कुटून पुड्या बांधायची. छातीत धडधडतं, जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, अशा माणसाला दर जुम्म्याला एक पुडी. ती भरड रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून प्यायची. नानी गेली, तुझी अम्मी देऊ लागली. अम्मी गेली, तू देऊ लागलास. पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत.

पण नियम होते. नानीचे तीन नियम. पुडी घेणाऱ्याने औषधाचं नाव विचारायचं नाही, आणि देणाऱ्याने सांगायचं नाही. नाव कानावर पडलं की गुण गेला. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. आणि पुडी घेतली की मागे वळून न बघता चालू लागायचं. तुझ्या दुकानातून दर शुक्रवारी दुपारी माणसं अशी बाहेर पडायची, जशी चोरी करून निघालीत. मी समोरच्या टपरीवर चहा पीत हा तमाशा बघायचो. चांगूआत्या, आमच्या कोळीवाड्यातली, एरवी जिचा आवाज वारा नसताना किल्ल्यापर्यंत जातो, ती तुझ्याकडून पुडी घेऊन मुक्याने निघायची. मी मुद्दाम हाक मारायचो, "आत्या, अगं मागे बघ, तुझा बोंबील पडला!" ती मागे न बघता मला अशी शिवी द्यायची की टपरीवाल्याच्या हातातली किटली हलायची.

माझी आईही त्यांतलीच. नऊ वर्षं तुझी पुडी घेतली तिने. डॉक्टरच्या गोळ्याही घेतल्या. कशाने तिला आराम पडला, मला माहीत नाही. पडला एवढं खरं. नऊ वर्षं ती माझ्या लॉजच्या ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगत राहिली की माझा मुलगा जे सांगतो त्यातलं काही खरं मानू नका. ही नऊ वर्षं मला फार महाग वाटतात रे. आणि त्यांच्याबद्दल तुला एक शब्द बोलायचा नाही! मी एकदा बोलायला आलो होतो, आई गेल्यावर. तू हातातला तराजू खाली ठेवलास आणि म्हणालास, "बोललास तर बाकीच्यांच्या पुडीतला गुण जाईल. चाय पी."

मी चहा प्यायलो. तू माझं तोंड बंद केलंस, त्याची ती पहिली खेप.

पुडी तू स्वतःही घेत होतास, तरी मग तुझ्याच छातीत कळ आली. सामानाचा छकडा उतरवताना. अलिबागेला नेलं, बाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, तू बरा झालास. आणि परत आल्यावर चौथ्या दिवशी तू मला दुकानात बोलावलंस, फळीवरचा डबा खाली काढलास, आणि मला नाव सांगितलंस.

मला! मी उडालोच. "अरे पण नियम?"

"नियम असा हाय की देणाऱ्याशिवाय आणखी एकाला माहीत पाहिजे. माझ्यामागे कोणीतरी पाहिजे. पोरीला, रेहानाला सांगितलं तर ती फोनवर बघील, डॉक्टरला विचारील, धा प्रश्न काढील. तिला टैम येईल तेव्हा तू सांग."

"आणि मला का? अख्ख्या मुरुडात तुला मीच सापडलो? माझ्या पोटात काही राहत नाही हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे."

"म्हणून तर," तू म्हणालास, आणि तुझे खांदे हलायला लागले. "तू सांगितलंस तरी कोण इश्वास ठेवणार हाय? लोक बोलतील, शिरूची आनखी एक गोष्ट. तिजोरीपेक्षा सेफ हाय तुझा तोंड."

आपण दोघे हसलो. मी तर पोट धरून. गावभर सांगत फिरलो असतो हा विनोद, पण नेमका तोच सांगता येत नव्हता.

आता मला त्या हसण्याचाच राग येतो.

मग महिन्याने परत तपासायला गेलो, तू पाय दाबलास, आणि अलिबागेहून परतताना एसटीत आपण भांडलो. आठवतं? गाडी रेवदंड्याला थांबली होती, खिडकीतून सुकत्या मासळीचा वास, आणि पुढच्या बाकावरच्या बाई पदर नाकाला लावून आपलं भांडण ऐकत होत्या.

"त्या बाईला खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठे? नाव नाय सांगितलं."

"तू 'काय नाय' म्हणालास. फक्त चहा म्हणालास!"

"मग काय सांगू? बोललो की घेतो काहीतरी, तर ती विचारणार, काय घेता. नाव घेतलं की गुण गेला. माझ्या एकट्याचा नाय शिरू, सगळ्यांचा. चांगूआत्याचा पण. देणाऱ्याच्या तोंडातून नाव गेलं की डबाच रिकामा झाला समज."

"आणि मी सांगितलं असतं तर?"

तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "मग आपली दोस्ती हितंच उतरली असती. रेवदंड्याला."

मी तिकिटाची घडी घालत बसलो. पुढच्या बाकावरच्या बाईंची निराशा झाली.

तू धमकी दिली होतीस, हमीद. दोस्तीची. आणि मी, चोपन्न वर्षांचा घोडा, शाळकरी पोरासारखा घाबरलो. मैत्री उतरली असती तर तू पुढच्या गाडीने आला असतास, आणखी काय झालं असतं? महिनाभर अबोला धरला असतास. आपण याआधी तीनदा अबोला धरलाय. एकदा तर सहा महिने, नाटकात तुझ्या शेळीला घेतलं नाही म्हणून. पण तू जिवंत राहून रुसला असतास. दुकानाच्या पायरीवर बसून माझ्याकडे पाठ केली असतीस, आणि मला ती पाठ तरी दिसली असती.

मग पावसाळ्याच्या शेवटी तुला चक्कर यायला लागली. वरच्या फळीवरून बरणी काढताना शिडीवरून उतरलास आणि धन्याच्या पोत्यावर बसलास, घामाने भिजलेला. मी म्हटलं, अलिबागेला चल. तू म्हणालास, कारण कळलंय.

"एका होडीवर दोन तांडेल झालेत शिरू. एक बोलतो सुकाणू हिकडे, दुसरा बोलतो तिकडे. होडी गोल फिरतेय. एकाला उतरवायला पाहिजे."

"कुणाला?"

"जो मागून चढला त्याला."

काय वाक्य होतं! मी टाळी दिली तुला. देवाशपथ टाळी दिली. आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगितलं, एका होडीवर दोन तांडेल, मागून चढला त्याला उतरवा. न्हाव्याच्या दुकानात तर मी तुझा आवाज काढून, पोत्यावर बसून, डोळे फिरवून दाखवलं. न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला. लोक हसून हसून लोळले.

तू खरंच बोलत होतास, हे मला कळलं नाही. मी जन्मभर गोष्टी सांगितल्या म्हणून मला समोरच्याचं प्रत्येक चांगलं वाक्य गोष्टच वाटतं. मागून चढलेला तांडेल म्हणजे डॉक्टरीणबाईंची गोळी. तू ती त्याच दिवशी बंद केलीस. नानीला मान, कारण नानी आधी आली. औषधांत सुद्धा तू वडीलधारेपणा बघितलास! वय विचारून कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं ते ठरवलंस! अख्ख्या बाजाराला ती बातमी विनोद म्हणून ठाऊक होती, आणि एका माणसाला ठाऊक नव्हती. अलिबागेच्या त्या बाईंना.

तू गेलास ती सकाळ मी इथे लिहिणार नाही. रेहानाचा फोन आला, मी पळालो, तू गिऱ्हाईकाला खडीसाखर जोखता जोखता कोसळला होतास, एवढं पुरे. तराजूचं एक पारडं अजून खाली होतं.

चौथ्या दिवशी रेहानाने गल्ल्याखालचा खण उघडला. त्यात बाईंच्या गोळ्यांची पाकिटं होती. न उघडलेली, एकावर एक रचलेली, आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. पुडीला बांधतोस त्याच दोऱ्याने, त्याच गाठीने. टाकूनही दिली नाहीस. फुकट घालवणं तुझ्या रक्तात नव्हतं. रेहाना तो गठ्ठा हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मला त्या वेळी खोली सोडून जावंसं वाटलं, आणि मी गेलो. थेट एसटीत बसलो आणि अलिबागेला गेलो.

बाईंना मी सगळं सांगितलं. टेबलाखालचा पायसुद्धा. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "नाव काय त्याचं?"

आणि हमीद, तुझ्या माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला एक शब्द उच्चारायला वेळ लागला. माझी बोटं दुखायला लागली, डाव्या पायाची. मग मी म्हटलं, "झारूर."

छत कोसळलं नाही. तुझी नानी दारात येऊन उभी राहिली नाही. बाईंनी फोनवर शोधलं, दोनतीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघितलं, आणि मग फोन माझ्याकडे फिरवला. हिरवी पानं, काटे आणि लाल फळांचे घोस. "हेच का?" निघताना डब्यातून खिशात टाकलेलं सुकं फळ मी काढून टेबलावर ठेवलं होतं. तेच होतं. "इंग्रजीत ह्याला हॉथॉर्न म्हणतात," बाई म्हणाल्या. "तिकडे थंड मुलखात कुंपणाला असतं. तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या छातीच्या तक्रारीवर घेतात. हे बघा, बाटलीत मिळतं, डबीत मिळतं, चहाच्या पुड्या मिळतात."

मी बघत राहिलो. डब्यांच्या रांगा होत्या, हमीद. प्रत्येक डबीवर नाव. मोठ्या अक्षरात, सरळ, तुला आवडलं असतं असं. वर फळाचं चित्र, बाजूला लाल बदाम काढलेला, आणि नाव पाचसहा भाषांत. ज्या नावासाठी तू माझी बोटं चिरडलीस, ज्या नावासाठी चांगूआत्या मुकी व्हायची, ते नाव अर्धं जग डबीवर छापून विकतंय! माल संपला की कुवेतमधला तुझा भाचा रिकामा डबा घेऊन तिथल्या अत्ताराकडे, म्हणजे तुझ्यासारख्याच काष्ठौषधीवाल्याकडे, जायचा, दाखवायचा, भरून आणायचा, नाव विचारायचा नाही. अरे, त्या अत्ताराच्या गोणीवरच पाटी लावलेली असणार! त्या पोराने ती दर खेपेला वाचली असणार, आणि तुमच्या घराण्याचा म्हणून गप्प बसला असणार. एक अख्खं घराणं एका उघड्या पाटीवर हात ठेवून उभं!

मला हसू आलं आणि मी बाईंच्या टेबलावर मूठ आपटली. दोन्ही एकदमच झालं.

"म्हणजे ह्या फळाने मारलं त्याला?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "हे बीपी थोडं खाली आणू शकतं. माझी गोळीही तेच करते. दोन्ही मिळून चक्कर आली असेल. कदाचित. मला कळलं असतं तर मी गोळी कमी केली असती, बदलली असती, नाहीतर हे थांबवायला सांगितलं असतं. त्यांनी माझी गोळी एका दिवसात सोडली. ती तशी सोडायची नसते, एकदम सोडली तर हृदयावर येतं. पण त्यानेच झालं, असंही मी शपथेवर सांगणार नाही."

"मग नक्की कशाने?"

"तुम्हाला गोष्ट पुरी करायची घाई झालीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही पुरी होणार नाही. माझं त्या झाडाशी भांडण नाही हो. मी विचारलं तेव्हा मला उत्तर हवं होतं, एवढंच." मग त्यांनी चष्मा काढला. "अजून कितीजण घेतात ही पुडी?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी तुझ्यावर चिडण्यात इतका रमलो होतो.

सातजण घेतात, हमीद. सातही जण डॉक्टरच्या गोळ्या घेतात. आणि सातही जणांनी आपापल्या डॉक्टरला सांगितलंय, फक्त चाय.

मी घरोघर गेलो. तुझं भाकीत खरं ठरलं, शाबास. पहिल्या घरी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "श्रीधरभाऊ, आता हमीदमियाँलाही गोष्टीत घातलंत का?" दुसऱ्या घरी मला चहा दिला आणि विचारलं, हत्तीचे पाय कधी परत करणार. तिसऱ्या घरच्या म्हातारबुवांनी कानात बोटं घातली. तीस वर्षांची कमाई माझी! खरं सांगायला गेलो आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

शेवटी रेहानाकडे आलो. शुक्रवारची सकाळ होती. ती पुड्या बांधत होती, तुझ्यासारखीच, दोरा दातात धरून. मी म्हटलं, पुडीवर नाव लिहूया.

ती उसळली. "काका, अब्बांनी मरेपर्यंत नाव नाय घेतलं. त्यांचा चाळीसावा व्हायचाय अजून. तुम्ही त्यांची बात बाजारात मांडणार?"

"लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, रेहाना."

"जिवाचा?" तिने दोरा सोडला. "जिवाचा प्रश्न त्या दिवशी अलिबागेला नव्हता? तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात. तुम्हाला माहीत होतं. सगळ्या दुनियेला बडबड करता, आणि तिथं गप्प बसलात. माझे अब्बा होते ते."

पाय दाखवणार होतो तिला? मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसलो. ती रडली, मी रडलो, मध्येच एकजण इसबगोल मागायला आला, त्याला तिने रडत रडत दिलं. मग मी एकच गोष्ट केली. बरण्यांवरची एक चिठ्ठी तिरकी झाली होती, ती उठून सरळ लावली, आणि तू काय म्हणायचास ते म्हटलं. नटवलं नाही. नाव सरळ पाहिजे, नायतर माणूस भलतंच खातो.

रेहानाने त्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग खण उघडून तिने लाल मार्कर काढला. "स्पेलिंग सांगा," ती म्हणाली. तुझं अक्षर आहे तिचं, टपोरं. झारूर, मराठीत, खाली उर्दूत, खाली इंग्रजीत हॉथॉर्न. आणि त्याखाली तिने स्वतःहून लिहिलं: डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये, त्यांच्या गोळ्या बंद करू नयेत.

दुपारी पहिली आली चांगूआत्या. पुडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ह्यावर काय लिवलास?"

"नाव," मी म्हटलं.

आत्याने पुडी ओट्यावर टाकली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. "वाचू नको रं मेल्या! वाचू नको! गुन जायाचा!"

"आत्या, ऐक तर..."

"नाय आयकायची! हमीद गेला न् तुजी जीब सुटली!"

मी हरलो होतो. आणि मग रेहाना पुढे झाली. तिने आत्याचा एक हात हळूच कानावरून काढला आणि म्हणाली, "आत्या, तुम्हाला वाचता कुठे येतं? आम्ही पण नाय वाचून दाखवत. पुडी डॉक्टरपुढे ठेवा नुसती. डॉक्टर मनातल्या मनात वाचेल."

आत्या विचारात पडली. मासे तोलताना पडते तशी, एक डोळा बारीक करून. "मोठ्यानं नाय वाचायचा?"

"नाय."

"मंग मी काय आयकला नाय," आत्या म्हणाली. पुडी उचलून कमरेला खोचली, न वळता चालू लागली, आणि गल्लीच्या टोकावरून ओरडली, "सोमवारी दावतंय डाक्तरला!"

झालं. एवढंच होतं, हमीद. नाव कानावर पडलं नाही, नानीचा नियम मोडला नाही, आणि सोमवारी आत्याच्या डॉक्टरला कळलं, त्याने तिची एक गोळी बदलली. कान आणि डोळे यांत एवढं अंतर आहे, हे तुला सुचू नये? जो माणूस जन्मभर चिठ्ठ्या लिहीत होता, त्याला? त्या दिवशी तू मला पायाने गप्प केलंस, तोच वेळ हाताला दिला असतास आणि टेबलावर एक कागद सरकवला असतास, तर तोंडाने न बोलता सगळं झालं असतं. रोज उठून मी हा प्रवेश नव्याने बसवतो. तुला कागद देतो, पेन देतो. तू लिहितोस. परतीच्या गाडीत आपण रेवदंड्याला उतरून भजी खातो.

आणि मलाही सुचू नये? हा राग मी कुणावर काढू ते सांग. मी लिहू शकत होतो. माझ्या खिशात लॉजचं बिलबुक होतं.

काल कबरस्तानात आलो होतो. नारळाच्या झावळ्या पडल्यात तुझ्या बाजूला, उचलून कडेला टाकल्या. मग उभं राहून, इकडेतिकडे बघून, मोठ्याने म्हटलं: झारूर. आणि आईची नऊ वर्षं, त्यांच्याबद्दल आभार. मानले बघ. नानीला सांग, श्रीधरने मानले. निघताना मागे वळलो, फाटकापर्यंत तीनदा वळलो. तिन्ही नियम एका फेरीत मोडले. घरी जाताना बोटं तशीच ठणकत होती.

अजून दुखतात रे. बाईंनी पेन कागदावर टेकवून धरलंय, त्या आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघतायत, आणि विचारतायत, आणखी काही घेता का?

पाय काढ, हमीद.